बिनकॅरियरची राजदूत

बाबूजींना मोटारसायकल चालवता येत नव्हती, ही गुणाकरची अकरा वर्षांतली सगळ्यात मोठी कमाई होती.

बाबूजी म्हणजे त्याचे सासरे शालिकरामजी. जंगल खात्याच्या लाकूड डेपोतून रिटायर झालेले, बालाघाटात स्वतःचं कौलारू घर, लामत्याला थोडी धानाची शेती आणि तीन मुली. त्यांना लामत्याला जायचं असो, कुणाच्या तेरवीला जायचं असो की नुसती दाढी करायला चौकात, निरोप भरवेलीला, गुणाकरकडे, जाई. गुणाकर तिथल्या मँगनीजच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. ड्यूटी संपली की तोंडावरची काळी भुकटी धुऊन तो राजदूत घेऊन सासऱ्याच्या दारात हजर होई. बाबूजी धोतर सावरत मागे बसत आणि उजवा हात गुणाकरच्या खांद्यावर ठेवत. मग गाडी निघे. जायचं कुठंही असलं तरी ती काली पुतळी चौकातून जाई. तो रस्ता पुष्कळदा लांबचा पडे, पण चौकात चार माणसं बसलेली असत, आणि थोरल्या जावयाच्या खांद्यावरचा सासऱ्याचा हात चार माणसांनी बघितला नाही तर पेट्रोल जाळून उपयोग काय?

सुनंदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, या हाताचं काही कौतुक नव्हतं. तिची मागणी एवढीच होती की राजदूतला मागे एक कॅरियर बसवून घ्या, म्हणजे लामत्याहून येताना तांदळाची थैली मांडीवर घेऊन बसावं लागणार नाही. सीटवरचा धरायचा पट्टा तर पहिल्याच वर्षी तुटला होता. गुणाकर दरवेळी बसवतो म्हणे आणि विसरे. खाणीचे पंप उघडून बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचे चार बोल्ट आवळायला सवड होत नाही, हे नवऱ्यांच्या जातीला धरूनच होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मधल्या आशालताचं लग्न झालं आणि मुकुंद नावाचा साडू गुणाकरच्या नशिबी आला.

मुकुंद बँकेत क्लार्क होता. कपडे इस्त्रीचे, बोलणं निम्मं हिंदीत, आणि चुकूनही आवाज चढायचा नाही. यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गुणाकरने थोडं थांबून मग राग धरला. कारण लग्नानंतर वर्ष होत नाही तोच मुकुंदने नवी गाडी घेतली. शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, लाल टाकी, मागे चकचकीत नळीचा कॅरियर. चालू आहे की बंद, ते हात लावून पाहावं लागे. राजदूत गल्लीत शिरली की कुत्री उठून उभी राहत. ही गाडी कुत्र्याच्या शेजारून निघून जाई आणि कुत्र्याला कळत नसे. बाबूजी एकदा तिच्यावर बसून लामत्याला जाऊन आले आणि उतरल्यावर ओसरीत सगळ्यांसमोर म्हणाले, कंबर दुखली नाही.

अकरा वर्षांत ते गुणाकरला कंबरेबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. म्हणजे अकरा वर्षं दुखतच होती, असा त्याचा अर्थ गुणाकरने लावला आणि त्या रात्री तो जेवला नाही.

तेव्हापासून त्याच्या मनात दोन रकाने पडले. उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला, दोन्ही जावयांना अनारसे मिळाले. गुणाकरला पितळी डब्यात, मुकुंदला पितळी डब्यातच, पण मुकुंदच्या डब्याला कडी होती. ही कडी त्याने मुकुंदच्या रकान्यात मांडली. पोळ्याला सासूबाईंनी, रुख्माबाईंनी, आधी कुणाला वाढलं. दिवाळीत उटणं आधी कुणाला लागलं. बाबूजींनी ‘गुणाकरराव’ किती जोरात म्हटलं आणि ‘मुकुंदराव’ किती गोड म्हटलं. एवढी बारीक नोंद मुकुंदच्या बँकेतही कुणी ठेवत नसेल.

त्याच्या स्वतःच्या रकान्यात आता एकच मोठी रक्कम उरली होती, गाड्यांची जाण. नवी गाडी आली त्या दिवशी पेढा तोंडात टाकून त्याने तिला एक प्रदक्षिणा घातली होती आणि विचारलं होतं, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकतोस? मुकुंद म्हणाला, विकणारा म्हणाला की या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचंच नाही, ते खाली इंजिनात वेगळं असतं. गुणाकर हसला. राजदूतला ऑइल लागतं, शेजारच्या मास्तरांच्या गाडीला लागतं, भरवेलीतल्या झाडून सगळ्या गाड्यांना लागतं.

“विकणाऱ्याचं काय जाते?” तो म्हणाला. “इंजिन सुकं चालते का कुठं? टाकत जा. मी सांगून राह्यलो ना.”

थोरल्या साडूचा शब्द म्हणून मुकुंदने इमानदारीने टाकलं, दर लिटरमागे मापाने. आणि पेट्रोलमध्ये ऑइल पडतच आहे म्हणून इंजिनातलं ऑइल एकदाही बदललं नाही. दीड वर्षाने गाडी पांढरा धूर सोडू लागली आणि इंजिनाच्या डाव्या कुशीतून बांगड्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज येऊ लागला.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. बालाघाटातले मिस्त्री टू-स्ट्रोकवर, म्हणजे राजदूतसारख्या पेट्रोलात ऑइल लागणाऱ्या गाड्यांवर, वाढलेले. हे इंजिन उघडायला कुणी हात पुढे करेना. तेव्हा बाबूजीच म्हणाले, घरात फिटर जवाई असताना बाहेर कशाला विचारायचं? ‘मला येत नाही’ हे शब्द गुणाकरच्या तोंडून याआधी कधी निघाले नव्हते, तेव्हाही निघाले नाहीत. त्याने एका रविवारी सासऱ्याच्या अंगणात, आंब्याखाली पोतं अंथरून इंजिन उघडलं.

इंजिनाच्या माथ्यावरचं हेड उचललं आणि त्याने ते घाईघाईने पुन्हा पालथं ठेवलं. आत काजळी साचली होती, चुलीवरच्या जुन्या पातेल्याच्या बुडाला असते तशी. ती कशाची होती हे त्याला वासावरूनच कळलं. हे ऑइल त्याच्याच तोंडातून दीड वर्ष या इंजिनात पडत होतं.

“काय निघालं?” मुकुंदने विचारलं.

“रस्त्याची धूळ,” गुणाकर म्हणाला, आणि मुकुंद पाणी आणायला आत गेला तेवढ्यात त्याने ती निम्मी खरवडून काढली.

पिस्टनच्या रिंगा, नवी टायमिंग चेन आणि तिचं बाकीचं सामान मुकुंदने गोंदियाहून छोट्या लाइनीच्या रेल्वेने मागवलं. सामान आलं त्याच आठवड्यात दुसरा एक निरोप आला. धाकट्या कमलासाठी परसवाड्याचं एक स्थळ होतं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, त्या लोकांना आता बोलणं करायचं होतं. येत्या रविवारी दुपारून या, पण जास्त माणसं आणू नका, वडील आणि सोबत एक जण पुरे.

एक जण. म्हणजे बाबूजी आणि एक जावई. त्या घरच्या बैठकीत बाबूजींच्या शेजारी गादीवर जो बसेल, ‘हे आमचे जवाई’ म्हणून ज्याची ओळख होईल, घराच्या वतीने चार शब्द जो बोलेल, त्याचा मान पुढची सगळी वर्षं पक्का. गुणाकरला वाटलं, थोरला मी, यात विचारायचं काय? पण रुख्माबाईंनी सुनंदाला सांगितलं आणि सुनंदाने, तिला यातलं काही कळत नसल्यासारखं, नवऱ्याला सांगितलं: मुकुंदरावांची गाडी रविवारपर्यंत झाली तर बाबूजी तिच्यावर जातील. रस्ता लांबचा, कंबर आहे, आणि त्या लोकांच्या दारात नवी गाडी उभी राहिली तर बरं दिसतं. नाही झाली तर मग राजदूत आहेच.

‘आहेच’ हा शब्द गुणाकरला रविवार उजाडेपर्यंत टोचत राहिला.

रविवारी सकाळी तो पोत्यावर बसला तेव्हा त्याच्यासमोर हा असा हिशेब होता. गाडी चालू केली तर फिटरचं नाव राहील आणि बाबूजी मुकुंदच्या मागे बसून परसवाड्याला जातील. नाही केली तर बाबूजी आपले, पण फिटर कच्चा ठरला. दोन्हीकडून तोटा असलेला धंदा माणूस सहसा करत नाही. पण सासुरवाडीत नाही म्हणायची सोय नसते.

रिंगा बसल्या, सिलेंडर बसला, हेड बसलं. उरली ती टायमिंग चेन. खालचा दांडा फिरला की हीच बारीक साखळी वरचा दांडा फिरवते आणि वरचा दांडा व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. साखळी वरच्या दातेरी चाकावर चढवायची, चाकावरची खूण हेडवरच्या खाचेसमोर आणायची आणि चाक दांड्याच्या तोंडावर बसवून बोल्ट आवळायचे. एवढंच काम. पण चाक बसेना. खूण खाचेसमोर आली की चाक दांड्याच्या बोटभर खाली राही. चाक वर ओढलं की साखळी ताठ होऊन हातातून निसटे. गुणाकरने गोडीने केलं, जोराने केलं, पेचकस घालून उचकटून पाहिलं. साखळी एका कडीने आखूड असल्यासारखी अडून बसली. मुकुंद शेजारी उकिडवा बसून, वायरने बांधलेली साखळी धरून होता. त्याच्या पांढऱ्या बनियनवर ऑइलचे डाग पडले होते, आणि तेवढंच काय ते त्या सकाळी गुणाकरच्या मनासारखं झालं होतं.

ओसरीतून बाबूजींनी विचारलं, “गुणाकरराव, जमून नाही राह्यलं का?”

विचारलं साधंच होतं. पण मागे कमला कपडे वाळत घालत होती, आशालता तांदूळ निवडत होती, सासूबाई दारात होत्या. गुणाकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो म्हणाला, नवी साखळी आहे, कडक आहे. आणि मान खाली घालून इंजिनाच्या बुडाशी उगाच बोट फिरवू लागला.

बोट फिरवता फिरवता ते एका मोठ्या बोल्टवर थांबलं. हा बोल्ट त्याने स्वतःच सकाळी आवळला होता, सगळ्यात आधी, खालून वर जावं तसं. त्याच्या आत एक स्प्रिंग होती. स्प्रिंग एक दांडी वर ढकलत होती, आणि ती दांडी साखळीला बाजूने दाबून ताणून धरत होती. ताणून धरणं हेच तिचं काम. साखळी आखूड नव्हतीच. त्यानेच तिला खालून ताण देऊन ठेवला होता आणि वरून ती ढिली का होत नाही म्हणून तिच्याशी भांडत होता. बोल्ट काढायचा, स्प्रिंग बाहेर, चाक वर अलगद बसेल. मग स्प्रिंग परत आत. चहा निवायच्या आत होईल.

गुणाकरचं बोट बोल्टवर होतं आणि पाना हाताशी होता. त्याने पाना उचलला आणि पोत्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दिला.

मग त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. चांगल्या कारागिराला वाईट काम करायला फार मेहनत पडते. त्याने चाक चुकीच्या दातावर चढवलं, काढलं, पुन्हा चुकीच्याच पण वेगळ्या दातावर चढवलं. कपाळाचा घाम कोपराने पुसला. साखळी उजेडात धरून एकेक कडी तपासली. मध्येच ‘हूं’ म्हणाला. ऊन आंब्याखालून सरकून पोत्यावर आलं. आत स्वयंपाक झाला. बाबूजींनी परसवाड्यासाठीचा धुतलेला सदरा घातला, ओसरीच्या कडेला येऊन एकदा सूर्याकडे आणि एकदा राजदूतकडे बघितलं. त्या बघण्याने गुणाकरला आधी बरं वाटलं आणि लगेच झोंबलंही. कारण बाबूजींनी राजदूतकडे बघितलं होतं ते नाइलाज असल्यासारखं.

बाबूजी आत गेले. तेव्हा मुकुंद हळूच म्हणाला, “गुणाकरभाऊ, राहू द्या. नाही बसलं तरी चालते.”

“काहून?”

मुकुंदने हातातल्या साखळीकडे पाहिलं. “तुम्हीच जा बाबूजीसोबत. तसंही ते माह्या गाडीवर पाव्हण्यावानी बसते. तुमच्या मागं कसे खांद्यावर हात ठेवून बसते. इतने दिन हो गये, माह्या खांद्याले त्यायचा हात एक डाव नाही लागला.” मग जणू चोरी कबूल करतोय अशा आवाजात तो म्हणाला, “मी आशालतालेही म्हटलं. ती म्हणे, ज्याचा मान त्याले.”

गुणाकरने त्याच्याकडे नीट बघितलं. लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. हा इस्त्रीवाला, लाल टाकीवाला, कडीच्या डब्याचा धनी. आणि याचा डोळा कशावर? आपल्या खांद्यावर. आपण ज्याला जळतो तो आपल्यालाच जळतो आहे, हे कळल्यावर जे सुख होतं त्याची गोडी अनारशालाही नाही. ते त्याच्या अंगभर पसरलं. एवढं मोठं माप मिळाल्यावर माणसाला थोडं दान करायला हरकत नसते.

“बसत नाही म्हणजे काय?” तो म्हणाला. “तो पाना दे इकडे.”

मुकुंदने पाना दिला. गुणाकरने खालचा बोल्ट फिरवला, थोडं ऑइल सांडलं, स्प्रिंग त्याच्या तळहातात आली. वरचं चाक साखळीसकट उचललं, खूण खाचेसमोर, आणि चाक दांड्याच्या तोंडावर असं बसलं की जणू सकाळपासून तिथंच होतं. बोल्ट आवळले, स्प्रिंग आत गेली, खालचा बोल्ट लागला. मुकुंद तोंड उघडं टाकून बघत राहिला. हे आधी कसं सुचलं नाही, असं त्याने विचारलं नाही. तो स्वभावाने चांगला होता, आणि चांगल्या माणसांचा हाच एक उपयोग.

नवं ऑइल भरलं. दुसऱ्या किकला इंजिन लागलं आणि पुन्हा पूर्वीसारखं, शोधावं लागेल असं चालू लागलं.

“अन् हे पाहा,” गुणाकर हात पुसत म्हणाला, “आता पेट्रोलात ऑइल टाकू नको. नव्या रिंगा आहेत, त्यायले चालत नाही.”

मुकुंदने मान डोलावली.

जेवणं झाली. गुणाकर मनाची तयारी करून बसला होता की आता बाबूजी मुकुंदच्या मागे बसतील. पण हात त्याच्या खांद्यावर नसेल, हे आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे. बाबूजी टोपी घालून बाहेर आले, लाल गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, “गुणाकरराव, तुम्हीच काढा ही. आजच उघडली-बसवली, रस्त्यात घाटात थांबली तर मुकुंदराव काय करतीन? तुम्ही असले म्हणजे घोर नाही.”

मुकुंदने चावी गुणाकरच्या हातात दिली आणि बनियनवरचा डाग चोळत उभा राहिला. आशालताने आत जाऊन दार जरा जोरात लावलं.

गुणाकरला एकाच वेळी सगळं मिळालं होतं. गाडी ती, सासरा तो, बैठक ती, फिटरचं नावही. तो टांग टाकून बसला, बाबूजी मागे बसले, आणि गाडी अर्थातच काली पुतळी चौकाकडे वळली. चौकात चार माणसं होती. गुणाकरने वेग कमी केला, छाती काढली आणि उजव्या खांद्यावर हात पडायची वाट पाहिली.

हात आला नाही.

बसताना सावरले नसतील, त्याला वाटलं. चौक गेला. गाव संपलं. लामता मागे पडलं, पुढचा रस्ता उखडलेला होता. त्याने एक खड्डा चुकवायचा सोडून मुद्दाम घेतला. राजदूतवर असं झालं की बाबूजींची बोटं खांद्यात रुतत. आता मागून आवाज आला, “हळू घ्या,” आणि खांदा मोकळाच. मग त्याने आरशाची दांडी थोडी वाकवली आणि आत बघितलं. बाबूजी मागे निवांत टेकून बसले होते, चेहरा समाधानी, आणि दोन्ही हातांनी त्यांनी कॅरियरची चकचकीत नळी घट्ट धरली होती.

घाट चढेपर्यंत अकरा वर्षं गुणाकरच्या डोळ्यांपुढून उलटी जात होती. लामता, तेरव्या, दाढ्या, चौक. राजदूतला कॅरियर नव्हता. पट्टा तुटलेला होता. माणसाला काहीतरी धरावंच लागतं.

परसवाड्याची बैठक चांगली झाली. बाबूजींनी ‘हे आमचे थोरले जवाई, अख्खं इंजिन यायनं घरी बसवलं’ म्हणून ओळख करून दिली, पोराच्या मामाने दोनदा चहा पाजला, कमलाचं बोलणं पुढं सरकलं. गुणाकर चार शब्द बोलायचे ते बोलला. पण त्याचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या लाल गाडीकडे, तिच्या मागच्या नळीकडे होतं.

संध्याकाळी परत आल्यावर बाबूजी आत गेले. मुकुंद गाडी बघायला आला आणि कशी चालली म्हणून विचारू लागला. गुणाकर म्हणाला, चालली चांगली, पण तुझा हा कॅरियर जरा ढिला वाटतो.

“काढून टाकू काय?” मुकुंद म्हणाला. “तसंही मले काही कामाचा नाही.”

कॅरियर गेला तर काय होईल, हे गुणाकरला एका क्षणात दिसलं. बाबूजी मागे बसतील, गाडी हलेल, आणि त्यांचा हात सरळ या इस्त्रीच्या खांद्यावर जाईल.

“काढतोस कशाले?” तो घाईने म्हणाला. “गाडीचा बॅलन्स त्याच्यावरच आहे.” आणि खाली बसून त्याने कॅरियरचे बोल्ट, जे मुळात ढिले नव्हतेच, एकेक करून जोर लावून आणखी आवळले. शेवटच्या बोल्टला तर पाना कुरकुरला. आता तो छन्नी-हातोड्याशिवाय निघाला नसता.

भरवेलीला निघताना सुनंदा तांदळाची थैली मांडीवर घेऊन राजदूतवर बसली आणि म्हणाली, मुकुंदरावायच्या गाडीचा कॅरियर किती मजबूत आहे पाहा, तसाच आपल्याले बसवून घ्या ना येत्या रविवारी.

“राजदूतले शोभत नाही तो,” गुणाकर म्हणाला, आणि जोरात किक मारली.